तिकीट प्रदर्शनात पदक कसं ठरतं: पहिल्यांदा फ्रेम लावणाऱ्यांसाठी

टपाल तिकिटांच्या प्रदर्शनात शेवटच्या दिवशी फिरलात, तर फ्रेमच्या, म्हणजे संग्रहाची पानं लावलेल्या मोठ्या चौकटीच्या, कोपऱ्यात छोट्या चिठ्ठ्या लावलेल्या दिसतात. कुठे ‘सिल्व्हर’, कुठे ‘लार्ज व्हर्मेल’, कुठे ‘गोल्ड’. शेजारी शेजारी लावलेल्या तीन संग्रहांना गोल्ड मिळतं आणि पुढच्या आख्ख्या रांगेत एकही गोल्ड नसतं. नवा माणूस विचारतो, मग पहिला नंबर कोणाचा?

पदकांपुरतं बोलायचं तर पहिला नंबर कोणाचाच नसतो. तुमची स्पर्धा शेजारच्या फ्रेमशी नाही. प्रत्येक संग्रह शंभर गुणांच्या ठरलेल्या मापाने तपासला जातो आणि जितके गुण पडतात त्यानुसार पदक मिळतं. पाच जण त्या पातळीला पोचले तर पाच गोल्ड, कोणीच पोचलं नाही तर एकही नाही. हे एकदा समजलं की तयारीची दिशाच बदलते. गुण कशाला किती आहेत हे आधी वाचायचं आणि मग कात्री-माउंट हातात घ्यायचे. बहुतेक नवोदित नेमकं उलट करतात. महिनोन्‌महिने पानं सजवतात, आणि सजावटीला शंभरातले जेमतेम पाच गुण असतात.

पहिली पायरी: कुठून सुरुवात करायची

आपल्याकडे टपाल खातं जिल्हा पातळीवर, राज्य म्हणजे सर्कल पातळीवर आणि राष्ट्रीय पातळीवर प्रदर्शनं भरवतं. महाराष्ट्र सर्कलचं प्रदर्शन ‘महापेक्स’ या नावाने ओळखलं जातं. गोवा टपाल खात्याच्या याच सर्कलमध्ये येतो. राष्ट्रीय प्रदर्शनांपैकी अलीकडचं मोठं म्हणजे फेब्रुवारी २०२३ मध्ये दिल्लीच्या प्रगती मैदानावर भरलेलं ‘अमृतपेक्स’. त्याच्याही वर जागतिक प्रदर्शनं असतात. ती एफआयपी या १९२६ साली स्थापन झालेल्या, तिकीट संग्राहकांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या आश्रयाखाली भरतात. भारतात अशी जागतिक प्रदर्शनं १९८०, १९८९, १९९७ आणि २०११ साली दिल्लीत झाली. १९९०च्या दशकात या महासंघाचं अध्यक्षपद डी. एन. जटिया या भारतीय संग्राहकाकडे होतं.

मधल्या पायऱ्या गाळून वर जाता येत नाही. जागतिक प्रदर्शनात प्रवेश हवा असेल तर आधी राष्ट्रीय पातळीवर किमान ७५ गुण, म्हणजे व्हर्मेल हे सिल्व्हर आणि गोल्डच्या मधलं पदक, मिळालेलं असावं लागतं. म्हणून माझं सांगणं सरळ आहे. पहिल्या वेळी जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या प्रदर्शनात एक फ्रेम लावा. एका फ्रेममध्ये ए-४ आकाराची सोळा पानं बसतात, चार ओळी आणि प्रत्येक ओळीत चार. सोळा पानांत एक गोष्ट नीट सांगता आली, तर पाच फ्रेम म्हणजे ऐंशी पानं कशी बांधायची तेही हळूहळू जमतं.

प्रदर्शन जाहीर झालं की माहितीपत्रक निघतं. त्याला सगळे प्रॉस्पेक्टसच म्हणतात. ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचा: कोणते विभाग आहेत, किती फ्रेम मिळतील, फ्रेममागे शुल्क किती, अर्जाची मुदत कधी, एका फ्रेमच्या विभागात पदक आहे की गुणांसह प्रमाणपत्र. याबाबतीत प्रत्येक प्रदर्शनाचे नियम थोडे वेगळे असतात. मागच्या वर्षी कोणाला काय मिळालं या ऐकीव माहितीवर विसंबू नका.

दुसरी पायरी: विभाग नेमका निवडणं

चांगला संग्रह चुकीच्या विभागात लावला तर गुण हमखास जातात, कारण परीक्षक त्या विभागाच्या नियमांनी पाहतात.

तिकिटांचाच अभ्यास असेल, म्हणजे छपाई, कागद, वॉटरमार्क, कडेचे दाते, रंगछटा, चुका आणि त्यांचा प्रत्यक्ष वापर, तर तो पारंपरिक विभाग. पत्र कोणत्या मार्गाने गेलं, किती दर लागला, कोणते शिक्के पडले हे सांगायचं असेल तर टपाल इतिहास. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादहून नैनीला विमानाने पत्रं गेली, तशा प्रवासांचा अभ्यास हवाई टपाल विभागात. छापील तिकीट असलेली पोस्टकार्डं, आंतरदेशीय पत्रं, लिफाफे यांचा स्वतंत्र विभाग असतो. कोर्ट फी आणि महसुली तिकिटांचा वेगळा. चित्रकार्ड, त्यावरचं तिकीट आणि शिक्का या तिन्हींचा मेळ साधणारी मॅक्सिमम कार्डं वेगळी. आणि एखादा विषय घेऊन जगभरच्या टपाल साहित्यातून तो उलगडायचा असेल तर थिमॅटिक विभाग. नवे लोक सर्वाधिक इथेच येतात.

थिमॅटिक म्हणजे पक्ष्यांची तिकिटं देशवार लावणं, असा एक समज आहे. देशवार किंवा वर्षवार लावलेली तिकिटं हा संग्रह झाला. प्रदर्शनात त्यातून कथानक उभं राहावं लागतं.

तिसरी पायरी: गुणांचा तक्ता समोर ठेवून काम करणं

एफआयपीचे निकष आता पाठ करून घ्या, आपल्याकडच्या वरच्या प्रदर्शनांतही साधारण हीच चौकट दिसते.

पारंपरिक आणि टपाल इतिहासाच्या विभागात मांडणीला, म्हणजे विषयाच्या हाताळणीला, २० गुण आणि विषयाच्या महत्त्वाला १०. ज्ञान, व्यक्तिगत अभ्यास आणि संशोधन यांना ३५. साहित्याच्या स्थितीला १० आणि दुर्मीळतेला २०. दिसण्याला ५.

थिमॅटिकमध्ये हाताळणी ३५ गुणांची, त्यातले १५ शीर्षक आणि आराखड्याला, १५ विषयाच्या विकासाला, ५ नावीन्याला. ज्ञानाचे ३०, निम्मे विषयाच्या ज्ञानाला आणि निम्मे टपालशास्त्राच्या ज्ञानाला. स्थिती १०, दुर्मीळता २०, दिसणं ५.

आता हे आकडे नीट पाहा. दुर्मीळतेचे वीस गुण पैशाशी जोडलेले आहेत हे खरं. पण थिमॅटिकमध्ये शीर्षक, आराखडा, विकास, नावीन्य आणि ज्ञान यांचे मिळून ६५ गुण डोकं चालवून आणि वाचून मिळतात. त्यासाठी लिलावात बोली लावावी लागत नाही. मध्यम उत्पन्नाच्या घरातला, नोकरी सांभाळून संग्रह करणारा माणूस वरच्या पदकापर्यंत पोचतो तो याच ६५ गुणांच्या बळावर. म्हणून या लेखात मी इथेच जास्त वेळ थांबणार आहे.

समजा तुम्ही ‘स्त्रीशिक्षण’ हा विषय घेतला. जवळ काय असू शकेल? महर्षी कर्वे हयात असताना, त्यांच्या शंभराव्या वाढदिवशी १८ एप्रिल १९५८ रोजी निघालेलं १५ नव्या पैशांचं तिकीट. १९७७ सालचं महात्मा फुल्यांचं, १९८९ सालचं पंडिता रमाबाईंचं, १९९८ सालचं सावित्रीबाईंचं. १९७५ च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षाचं. ही पाच तिकिटं तारखेच्या क्रमाने पानावर लावली आणि खाली प्रत्येकाचं चरित्र लिहिलं, तर परीक्षक पुढच्या फ्रेमकडे जातील. ती माहिती त्यांना कुठेही वाचता येते.

आता तोच विषय आराखड्याने बांधून पाहा. पहिलं प्रकरण: मुलींना शाळा का नव्हती, कोणत्या समजुती आड येत होत्या. दुसरं: पहिल्या शाळा आणि त्यांना झालेला विरोध. तिसरं: विधवा आणि परित्यक्तांचं शिक्षण, इथे कर्वे आणि रमाबाई एकमेकांशेजारी येतात. चौथं: विद्यापीठाची दारं उघडणं. पाचवं: शिकलेल्या बाईने पुढे काय केलं, डॉक्टर, वैज्ञानिक, वैमानिक. प्रकरणांची लांबी सारखी असण्याची गरज नाही, पण एकातून दुसरं निघालं पाहिजे. आराखड्याच्या पानावर ही प्रकरणं, उपप्रकरणं आणि प्रत्येकाची पानसंख्या द्या. शीर्षक ‘स्त्रीशिक्षण’ एवढंच ठेवलंत तर आत जगभरातलं सगळं यायला हवं. तुमच्याकडे फक्त भारताचं साहित्य असेल तर शीर्षकच तसं घ्या. शीर्षक मोठं आणि साहित्य तोकडं, यात पहिल्याच पानावर गुण जातात.

टपालशास्त्राच्या ज्ञानाचे पंधरा गुण हा नवोदितांचा सर्वांत कच्चा भाग. फक्त तिकिटं आणि फर्स्ट डे कव्हर (तिकीट निघाल्याच्या दिवशीचा शिक्का असलेली पाकिटं) लावून ते मिळत नाहीत. विशेष शिक्के, घोषवाक्याचे शिक्के, मीटर फ्रँकिंग (तिकिटाऐवजी यंत्राने उमटवलेला दराचा ठसा), तिकीट पुस्तिका, छापील पोस्टकार्डं, जाहिरात असलेली मेघदूत कार्डं, छपाईतल्या चुका, खऱ्या पत्रव्यवहारात वापरलेली पाकिटं असं वैविध्य दिसलं पाहिजे. स्मरणिका म्हणून बनवलेल्या पाकिटापेक्षा खरोखर टपालातून प्रवास केलेलं पाकीट नेहमी वरचढ. विषयाशी संबंध मात्र स्पष्ट हवा. पाकीट दुर्मीळ आहे म्हणून कथानकात घुसडलं, तर परीक्षकांना ते लगेच कळतं.

बनावट देशांच्या किंवा अनधिकृत छापलेल्या तिकिटांपासून लांब राहा. बाजारात ती रंगीत आणि स्वस्त मिळतात, विषयाशी जुळतातही, पण त्या एका पानामुळे पूर्ण संग्रहाबद्दल शंका निर्माण होते.

पारंपरिक विभागात ज्ञानाचे ३५ गुण कसे मिळतात, यासाठी आपल्याच मातीतलं उदाहरण घेऊ. पुण्याच्या दक्षिणेला असलेल्या भोर संस्थानाने १८७९ साली अर्धा आणा आणि एक आण्याची स्वतःची तिकिटं काढली, आणि १९०१ साली राजांचं चित्र असलेलं तिकीट काढलं. नग थोडेच आहेत, पण प्रश्न बरेच आहेत. हातशिक्क्याने उमटवलेल्या त्या पहिल्या तिकिटांत फरक कोणते, कागद कोणता, शाई कशी बदलते, खरं कोणतं आणि नक्कल कोणती, ती प्रत्यक्ष पत्रावर कशी वापरली गेली. गोव्याच्या संग्राहकाला १८७१ पासूनच्या पोर्तुगीज भारताच्या तिकिटांत असंच मोठं क्षेत्र मोकळं आहे. ज्यावर फार थोड्यांनी काम केलंय असा छोटा विषय निवडून त्यात स्वतः शोधलेलं एखादं निरीक्षण मांडलंत, तर त्याला संशोधनाचे गुण मिळतात. ते निरीक्षण तुमचं आहे हे पानावर नम्रपणे पण स्पष्ट लिहा. परीक्षकांकडे एका संग्रहासाठी मिनिटं मोजकी असतात, त्यांनी ते शोधून काढावं अशी अपेक्षा ठेवू नका.

स्थितीबद्दल एकच गोष्ट ठासून सांगते. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत डिंकाच्या बाजूला पिवळसर-तपकिरी ठिपके पडतात आणि पावसाळ्यात मिंट, म्हणजे न वापरलेली, तिकिटं पानाला चिकटतात. अल्बम उभे ठेवा, कपाटात सिलिका जेल ठेवा, पावसाळ्यात उघडीप मिळाली की पानं उघडून हवा द्या. डागाळलेलं साधं तिकीट लावण्यापेक्षा तेच स्वच्छ तिकीट पुन्हा विकत घ्या, ते फार महाग नसतं. जे तिकीट जगातच मोजकं उरलं आहे त्याचा थोडा दोष परीक्षक समजून घेतात, पण नेहमीच्या तिकिटाला ती सवलत नाही. दुरुस्त केलेला नग असेल तर तसं पानावर लिहा. महागडा नग खरा असल्याचं तज्ज्ञ प्रमाणपत्र असेल तर त्याची नोंद पानावर करा आणि प्रमाणपत्र त्याच पानामागे ठेवा, म्हणजे परीक्षकांना हवं तेव्हा पाहता येईल. छायाप्रत लावावी लागली तर ती मूळ नगापेक्षा स्पष्टपणे वेगळ्या आकाराची असावी, पाहणाऱ्याची फसगत होता कामा नये.

दिसण्याचे पाच गुण पटकन उरकू. पांढरा किंवा फिकट कागद, एकच अक्षरवळण, मजकूर कमी, पान वर-खाली तोललेलं. रंगीत किनारी, चकचकीत चित्रं, कापलेली मासिकं नकोत.

चौथी पायरी: पदकांची शिडी ओळखणं

जागतिक प्रदर्शनात पट्टे असे आहेत: ६० गुणांना ब्राँझ, ६५ ला सिल्व्हर ब्राँझ, ७० ला सिल्व्हर, ७५ ला लार्ज सिल्व्हर, ८० ला व्हर्मेल, ८५ ला लार्ज व्हर्मेल, ९० ला गोल्ड आणि ९५ पासून पुढे लार्ज गोल्ड. राष्ट्रीय पातळीवर हेच पट्टे थोडे खाली असतात, म्हणून तिथलं ७५ गुणांचं व्हर्मेल वरच्या पातळीवर जाताच लार्ज सिल्व्हर होऊ शकतं. त्यात तुमचा संग्रह खालावला असं काही नाही, फक्त माप बदललं. व्हर्मेल म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदी, सिल्व्हर आणि गोल्ड यांच्या मधली पायरी. पहिल्याच वर्षी सिल्व्हर ब्राँझ मिळालं तर ते आनंदाने घरी न्या. त्या पट्ट्यात येण्यासाठीही संग्रहाला आकार असावा लागतो.

पदकाखेरीज काही सन्मान आहेत. एखाद्या बाबतीत संग्रह विशेष उठून दिसला तर पदकासोबत विशेष पारितोषिक मिळतं. ‘ज्युरी फेलिसिटेशन्स’ म्हणजे परीक्षकांनी केलेलं खास अभिनंदन, उदाहरणार्थ असामान्य संशोधनासाठी. जागतिक प्रदर्शनात सर्वांत वर असतात ग्रां प्री, म्हणजे सर्वोच्च पारितोषिकं. वेगवेगळ्या वर्षी तीनदा लार्ज गोल्ड मिळवलेले संग्रह चॅम्पियनशिप विभागात जातात आणि त्यांच्यात ग्रां प्री दॉनरसाठी स्पर्धा होते. म्हणजे नंबर लावण्याची वेळ आलीच तर ती इथे, अगदी शिखरावर येते. ‘कोर्ट ऑफ ऑनर’ अशी पाटी दिसली तर तिथले संग्रह स्पर्धेत नसतात. ते निमंत्रित असतात आणि पाहण्यासाठी आधी तिथेच जावं.

लिहिण्याची आवड असणाऱ्यांनी साहित्य विभाग लक्षात ठेवावा. टपालविषयक पुस्तकं आणि नियतकालिकं यांनाही गुण आणि पदकं मिळतात: आशयाच्या हाताळणीला ४०, मौलिकता, महत्त्व आणि संशोधनाच्या खोलीला ४०, तांत्रिक बाजूला १५, दिसण्याला ५. मराठीत या विषयावर लिहिणारे फार थोडे आहेत, आणि ते वाढावेत असं मला मनापासून वाटतं.

घरात शाळकरी मूल असेल तर आणखी एक दार आहे. टपाल खात्याची ‘दीनदयाळ स्पर्श’ शिष्यवृत्ती २०१७ साली सुरू झाली. सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांना प्रश्नमंजूषा आणि प्रकल्पाच्या आधारे वर्षाला ६,००० रुपये मिळतात. मूल शाळेच्या फिलाटेली (तिकीटसंग्रह) क्लबचं सदस्य असावं किंवा त्याच्या नावाने फिलाटेली डिपॉझिट खातं असावं. ते खातं टपाल खात्याच्या फिलाटेली ब्युरोत उघडता येतं. प्रकल्प करताना मूल जे शिकतं, ते पुढे युवा विभागात फ्रेम लावताना थेट उपयोगी पडतं.

पाचवी पायरी: प्रदर्शनाचे दिवस

पानं पारदर्शक जाकिटांत घाला आणि प्रत्येक जाकिटावर मागे फ्रेमचा आणि पानाचा क्रमांक लिहा. देताना पानं मोजून पावती घ्या. सगळ्या पानांचे फोटो आधीच काढून ठेवा. फ्रेम बंद झाल्यावर समोर उभं राहून एकदा पूर्ण क्रम वाचा. उलटं किंवा अदलाबदल झालेलं पान तेव्हाच सांगितलं तर दुरुस्त होतं.

परीक्षण चालू असताना परीक्षकांशी बोलायला जाऊ नका. निकालानंतर मात्र जरूर जा. बऱ्याच प्रदर्शनांत परीक्षक संग्राहकांना फ्रेमपाशी भेटतात. तशी वेळ जाहीर झाली नसेल तर आयोजकांना विचारा, विनंती सहसा मान्य होते. जाताना वही न्या. ‘मला गोल्ड का नाही’ असं विचारलंत तर समोरचा सावध होतो. त्याऐवजी विचारा: ‘सर, आराखड्यात गुण कुठे गेले?’, ‘कोणती तीन पानं काढू?’, ‘कोणत्या प्रकारचं साहित्य कमी वाटलं?’ यावर परीक्षक मोकळेपणाने बोलतात, कारण त्यांच्यातले बहुतेक स्वतः संग्राहक आहेत आणि याच पायऱ्या चढून आलेले आहेत. गुणपत्रक मिळालं तर एकूण बेरजेआधी रकाने वाचा. ७२ गुण म्हणजे नेमकं काय, ते ज्ञानात २४ आणि हाताळणीत २० आहेत की उलट, यावरून पुढच्या वर्षाचं काम ठरतं. दुर्मीळतेत गुण गेले असतील तर घाई करू नका, ते साहित्य वर्षानुवर्षांनी जमतं. आराखड्यात गेले असतील तर पुढच्याच महिन्यात भरून काढता येतात.

परीक्षकांचा निर्णय अंतिम असतो. तो पटला नाही तरी सभागृहात वाद घालू नका. त्याच परीक्षकांसमोर तुमची फ्रेम पुन्हा येणार आहे, आणि सुधारलेला संग्रह त्यांच्या लक्षात राहतो.

पानं परत घेताना पावतीशी ताडून पाहा, मगच सही करा. प्रमाणपत्राची प्रत, गुणपत्रक आणि परीक्षकांनी सांगितलेलं सगळं एका फायलीत ठेवा. पुढच्या प्रदर्शनाच्या अर्जात आधीच्या पुरस्कारांचा रकाना असतो. तिथे प्रदर्शनाचं नाव, वर्ष, पदक आणि गुण अचूक भरावे लागतात. अर्जासोबत तुमच्या संग्रहाचं पहिलं पानही मागवलं जातं, आणि परीक्षक ते आधी वाचून येतात. म्हणून सुधारणा करायला बसाल तेव्हा सुरुवात त्या पानापासून करा.